पारा, पॅलेडियम आणि प्राध्यापक हेक

रिचर्ड हेक हे नाव आमच्या प्रयोगशाळेत सारखं कानावर पडतं. "हेक लावलीस का?", "हेक अडकली", "हेकचं वर्कअप उद्या करू." हेक म्हणजे हेक रिॲक्शन, पॅलेडियम धातूच्या मदतीने दोन रेणूंचे कार्बन एकमेकांना जोडण्याची पद्धत; वर्कअप म्हणजे नंतरची सफाई. नाव इतकं गुळगुळीत झालंय की त्यामागे एक माणूस होता, त्याला साहेब होता, पगार होता, निवृत्ती होती, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. आणि जे थोडे लोक त्या माणसाबद्दल बोलतात, ते ठरलेली गोष्ट सांगतात: बिचाऱ्याला संशोधनासाठी पैसे मिळाले नाहीत, लवकर निवृत्त व्हावं लागलं, मग म्हातारपणी नोबेल मिळालं आणि एकदाचा न्याय झाला.

मला ही गोष्ट पटत नाही. तिच्यातला तपशील खराच आहे. पण तिच्यात हेकना ते सुचलं कसं, हेच गळून जातं आणि उरते ती नुसती हळहळ.

मी औषधांच्या प्रोसेस विभागात काम करते. संशोधनवाल्यांनी ग्रॅमवर जमवलेली रिॲक्शन किलोवर न्यायची, हे आमचं काम. पॅलेडियम हा तिथला रोजचा सोबती आणि रोजची डोकेदुखीही. त्यामुळे हेक यांच्याकडे मी पाहते ती एका कारागिराने दुसऱ्याकडे पाहावं तशी. त्यांचं करिअर मला आवडतं ते त्याच्या वेड्यावाकड्या आकारामुळे.

सुरुवात अगदी साधी. जन्म 1931 चा, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्डचा. लहानपणीच कुटुंब लॉस एंजेलिसला गेलं. तिथे बागकामाचा नाद लागला आणि खतांमधून, ऑर्किडांमधून पोरगा रसायनशास्त्राकडे वळला. तिथल्याच यूसीएलए विद्यापीठातून 1954 मध्ये, म्हणजे तेविसाव्या वर्षी, पीएचडी. मार्गदर्शक सॉल विन्स्टाइन. पुढचं सगळं समजायला हे नाव लक्षात ठेवायला हवं. विन्स्टाइन हे यंत्रणेचे, म्हणजे मेकॅनिझमचे, बादशहा. रिॲक्शनमध्ये काय तयार झालं यापेक्षा ते कोणत्या वाटेने तयार झालं, मध्ये कोण आलं, कोण गेलं, शेजारच्या गटाने हळूच हात दिला का, हे शोधणारी ती शाळा. त्यानंतर झुरिचला रसायनशास्त्रज्ञ व्लादिमिर प्रेलोग यांच्याकडे काही काळ. अशा तालमीत तयार झालेला माणूस त्या काळी सरळ विद्यापीठात जायचा. हेक गेले कंपनीत.

कंपनी होती हर्क्युलिस पावडर, डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टनची. नावातली 'पावडर' म्हणजे बंदुकीची दारू. ड्यूपाँट कंपनीच्या मक्तेदारीवर खटला झाला आणि त्यातून 1912 मध्ये ही कंपनी वेगळी काढण्यात आली. पन्नाशीच्या दशकात मात्र तिचं लक्ष प्लॅस्टिककडे होतं. प्लॅस्टिक घडवणारे झीगलरचे उत्प्रेरक नुकतेच आले होते, पॉलिप्रॉपिलीनचे दिवस होते, आणि कोबाल्ट, पॅलेडियम यांसारख्या संक्रमण धातूंमध्ये काहीतरी घबाड आहे असं सगळ्यांनाच वाटत होतं. तिथे डेव्हिड ब्रेस्लो यांच्याबरोबर हेकनी कोबाल्टवर काम सुरू केलं.

हा कोबाल्टचा काळ लोक ओलांडून पुढे जातात, मी जाणार नाही. हायड्रोफॉर्मिलेशन नावाची प्रक्रिया जर्मनीत ओटो रोलेन यांनी 1938 मध्येच शोधली होती: अल्कीन (म्हणजे दोन कार्बनमध्ये दुहेरी बंध असलेला रेणू), कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन एकत्र आणा, कोबाल्ट घाला, अल्डिहाइड मिळतं. कारखाने ती धडाक्यात वापरत होते. पण आत नेमकं काय चालतं, याचं कोणाकडे धड उत्तर नव्हतं. हेक आणि ब्रेस्लो यांनी 1960–61 च्या सुमाराला ते मांडलं. कोबाल्टवरचा एक कार्बन मोनॉक्साइड आधी सुटतो, जागा रिकामी होते, तिथे अल्कीन येऊन बसतं, धातूवरचा हायड्रोजन त्याच्या एका कार्बनवर सरकतो आणि धातू दुसऱ्या कार्बनला धरतो. मग कार्बन मोनॉक्साइड त्या बंधाच्या मध्ये शिरतो, आणि शेवटी हायड्रोजन येऊन अल्डिहाइड मोकळं करतो. आज हे पदवीच्या पुस्तकात चक्राच्या आकृतीत असतं आणि मुलं ते परीक्षेपुरतं घोकतात. पण धातूला कार्बन जोडला की तो पुढे कायकाय करू शकतो, याची ही पहिल्या काही नीट यादींपैकी एक. नोबेल पॅलेडियमला मिळालं, पण त्याचं शिक्षण इथे झालं.

आता पॅलेडियम. 1959 मध्ये वाकर प्रक्रियेची बातमी आली: इथिलीन, पाणी, पॅलेडियम क्लोराइड, आणि ॲसिटाल्डिहाइड तयार. हर्क्युलिसमध्येच पॅट्रिक हेन्री नावाचे सहकारी या प्रक्रियेची यंत्रणा तपासत होते. तिथे जे दिसलं ते असं: पॅलेडियम आणि हायड्रॉक्सी गट इथिलीनच्या दुहेरी बंधावर बसतात, मग धातू ज्या कार्बनला धरून आहे त्याच्या शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन धातूकडे जातो आणि धातू बाजूला होतो. या शेवटच्या पायरीला आम्ही बीटा हायड्राइड एलिमिनेशन म्हणतो.

हेकनी विचारलं: हायड्रॉक्सीच्या जागी कार्बन बसवला तर?

विचारायला सोपं, करायला नाही. कारण कार्बनची साखळी पॅलेडियमला जोडली की तीच आधी हायड्रोजन देऊन मोकळी होते. इथिलीनपर्यंत पोहोचायला तिला वेळच मिळत नाही. म्हणून निवड करायची ती अशा गटाची की ज्याच्याकडे द्यायला तो बीटा हायड्रोजनच नाही. फिनाइल (म्हणजे बेंझीनचं वलय), मिथाइल, एस्टरचा गट. त्यांच्या पहिल्या पेपरच्या शीर्षकात मिथिलेशन आणि कार्बॉक्सिअल्किलेशनसारखे विचित्र वाटणारे प्रकार का आहेत, हे मला बऱ्याच उशिरा उमगलं. ही यादी हाताशी होतं ते घेतलं म्हणून झालेली नाही, ती कागदावर आधी केलेली चाळणी आहे. विन्स्टाइनची शाळा इथे दिसते.

फिनाइल गट पॅलेडियमवर आणायचा कसा? पाऱ्यावरून. फिनाइल मर्क्युरी संयुगं माहितीतली होती, ती पॅलेडियमच्या क्षारात मिसळली की फिनाइल गट उडी मारून पॅलेडियमवर जातो. मग इथिलीन सोडायचं. मिळतं स्टायरीन, आणि पॅलेडियम काळा होऊन तळाशी बसतो. तो काळा गाळ म्हणजे यशाची खूण आणि अडचण, दोन्ही. यशाची खूण अशासाठी की धातूने आपलं काम करून हायड्रोजन घेतला आणि तो शून्य अवस्थेत, म्हणजे पुन्हा साध्या धातूच्या रूपात, आला. अडचण अशी की एका रेणूमागे एक पॅलेडियम खर्च झाला. तांब्याचा क्लोराइड घालून तो परत वर आणता येतो, वाकरवाले तेच करत होते, आणि हेकनीही ते केलं.

1968 मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या जर्नलच्या एकाच अंकात, 5518 व्या पानापासून, ओळीने सात पेपर आले. सातही हेकच्या एकट्याच्या नावावर. सहलेखक नाही, विद्यार्थी नाही. कंपनीतला एक माणूस, त्याचं टेबल, त्याचे फ्लास्क. ते पेपर पहिल्यांदा एका बैठकीत वाचले तेव्हा मला हसू आलं होतं. आजकाल एका पेपरवर इतके लेखक असतात की नावांतच अर्धं पान जातं.

सातांतला माझा आवडता दुसरा. त्यात अलिलिक अल्कोहोल घेतलंय. म्हणजे दुहेरी बंधाच्या शेजारच्या कार्बनवर हायड्रॉक्सी असलेला रेणू. फिनाइल-पॅलेडियम दुहेरी बंधावर बसला की आता त्याच्यासमोर दोन वाटा असतात: फिनाइलच्या बाजूचा हायड्रोजन घ्यायचा, की हायड्रॉक्सीच्या बाजूचा. तो मुख्यतः दुसरा घेतो. त्यामुळे दुहेरी बंध हायड्रॉक्सीला येऊन चिकटतो, तयार होतो इनॉल, आणि इनॉल काही टिकत नाही, लगेच अल्डिहाइड किंवा कीटोन होतो. अल्कोहोल टाकलं, कार्बन जोडला आणि हाती आला कार्बोनिल. ऑक्सिडेशनची वेगळी पायरीच नाही.

हे मी इतक्या प्रेमाने सांगतेय याला कारण आहे. दम्यावरचं मॉन्टेल्युकास्ट अनेकांना माहीत असेल. त्याच्या एका प्रसिद्ध कारखानी मार्गात अलिलिक अल्कोहोल आणि आयोडोबेंझोइक आम्लाचं मिथाइल एस्टर पॅलेडियमच्या सोबतीने जोडतात आणि थेट कीटोन मिळतो. तोच डाव. पाऱ्याऐवजी आयोडीन, बाकी 1968. कंपनीतल्या एका माणसाने कुतूहलापोटी तपासलेली पायरी पुढे टनांच्या हिशेबात चालावी, यापेक्षा मोठं कौतुक आमच्या धंद्यात नसतं.

पाऱ्याऐवजी आयोडीन कसं आलं, ती गोष्ट पुढची. 1971 मध्ये हेक डेलावेअर विद्यापीठात प्राध्यापक झाले, म्हणजे चाळिशीत. विल्मिंग्टनपासून ते विद्यापीठ फार लांब नाही. माणूस त्याच परिसरात राहिला, फक्त ओळखपत्र बदललं. तोपर्यंत हे कळलं होतं की शून्य अवस्थेतला पॅलेडियम अरिल हॅलाइडच्या, म्हणजे फिनाइलसारख्या वलयाला आयोडीन किंवा ब्रोमीन जोडलेल्या रेणूच्या, बंधात स्वतःहून शिरतो. मग पाऱ्याची गरजच काय? तळाशी बसणारा तो काळा, 'खर्च झालेला' पॅलेडियमच नव्या फेरीची सुरुवात करू शकतो. आयोडोबेंझीन आणि स्टायरीन घ्या, एक टक्का पॅलेडियम ॲसिटेट, ट्रायब्युटाइल अमीन, 100 अंश. तयार होतं ट्रान्स-स्टिल्बीन. हा पेपर नॉली यांच्याबरोबर 1972 मध्ये आला.

पण त्याआधी, 1971 मध्ये, जपानमधून त्सुतोमु मिझोरोकी यांनी जवळजवळ हेच छापलं होतं: पॅलेडियम क्लोराइड, पोटॅशियम ॲसिटेट, मिथेनॉल, 120 अंश. मिझोरोकींना हेकचं 1968 चं काम माहीत होतं आणि त्यांनी त्याचा उल्लेख केला. हेकनी मिझोरोकींचा केला. कसलंही भांडण नाही. मिझोरोकी 1980 मध्ये कर्करोगाने गेले, पन्नाशीही गाठली नाही. म्हणून मी शक्यतो मिझोरोकी–हेक असं म्हणते. प्रयोगशाळेत मात्र कुणी इतकं लांब बोलत नाही, आणि मीही घाईत असले की हेकच म्हणते.

1974 मध्ये डीक यांच्याबरोबर हेकनी ट्रायफिनाइल फॉस्फीन आणलं. फॉस्फरसचा हात धरला की पॅलेडियम द्रावणात टिकतो आणि आयोडाइडपेक्षा आळशी ब्रोमाइडही कामाला लागतात. ब्रोमाइड स्वस्त. इथून पुढे ही रिॲक्शन खऱ्या अर्थाने वापरण्याजोगी झाली.

कधी प्रत्यक्ष पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. पॅलेडियम ॲसिटेट तांबूस तपकिरी असतो. नायट्रोजनखाली गरम करायला लागलं की द्रावण आधी पिवळसर नारिंगी होतं, मग विटकरी, आणि सगळं ठीक असेल तर बराच वेळ तसंच राहतं. अमीनचा क्षार कडेकडेने पांढरा सुटायला लागतो. तो दिसला की जीव भांड्यात पडतो, कारण हॅलोजन सुटल्याशिवाय तो क्षार येणार कुठून? टीएलसी प्लेट (रिॲक्शन कुठवर आली ते ठिपक्यांनी दाखवणारी पट्टी) दिव्याखाली धरली की स्टिल्बीनचा ठिपका निळा चमकतो. आणि बिघडायचं असेल तर फ्लास्कच्या काचेवर आरसा येतो. खरोखरचा, तोंड दिसेल असा. पॅलेडियम द्रावण सोडून काचेवर जाऊन बसलेला असतो. त्यानंतर कितीही तापवा, टीएलसी हलत नाही. मग सेलाइट या गाळण्याच्या पुडीतून गाळा, काळा थर बाजूला काढा, आणि उरलेला पॅलेडियम शोधत बसा. तोंडाने घ्यायच्या औषधातून रोज 100 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पॅलेडियम पोटात जाता कामा नये असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्व आहे. रिॲक्शन एक दुपार घेते. तो शेवटचा पॅलेडियम काढणं कधीकधी आठवडे खातं. हेकच्या पेपरांत यातलं काही नाही, आणि का असावं? त्यांना स्टिल्बीन कुणाला गिळायला द्यायचं नव्हतं.

मग पैशांचं काय झालं? सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मैदानात गर्दी झाली. अल्काइन, म्हणजे तिहेरी बंधाचा रेणू, जोडण्याची पद्धत 1975 मध्ये तीन गटांनी स्वतंत्रपणे छापली: कसार, डीक आणि हेक, आणि सोनोगाशिरा. सोनोगाशिरांनी तांब्याचा आयोडाइड घातला, रिॲक्शन खोलीच्या तापमानाला धावली, नाव त्यांचं झालं. रास्तच. मग आपापल्या जोडणीच्या पद्धती घेऊन 1977 मध्ये नेगिशी, 1978 मध्ये स्टिले, 1979 मध्ये सुझुकी आले. प्रत्येकाच्या पद्धतीत धातू किंवा बोरॉन लावलेला एक साथीदार लागतो. हेकच्या रिॲक्शनला तो लागत नाही, साधं अल्कीन पुरतं. गंमत म्हणजे हा साधेपणाच तिला महागात पडला असावा असं मला वाटतं. साध्या अल्कीनवर कार्बन नेमका कुठे बसेल, दुहेरी बंध कुठे सरकेल, हे सांगणं कठीण जातं. मोठे नैसर्गिक रेणू बांधणाऱ्यांना तेव्हा अशी जोखीम नको होती.

हेकना अनुदान मिळेना आणि ते 1989 मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, निवृत्त झाले. आता याच वर्षाकडे नीट पाहा. 1989 मध्येच अमेरिकेत ओव्हरमन आणि जपानमध्ये शिबासाकी यांनी हेक रिॲक्शनची असममित रूपं छापली, म्हणजे डावा-उजवा रेणू निवडून देणारी. एकाच रेणूच्या आत ती चालवली की कार्बन कुठे बसणार हा प्रश्न जवळपास सुटतो, हे लोकांच्या लक्षात आलं आणि नैसर्गिक रेणूवाले तिच्यावर तुटून पडले. पुढे 1996 मध्ये डॅनिशेफ्स्कींनी टॅक्सॉल या कर्करोगावरच्या औषधाच्या संश्लेषणात कळीचं वलय हिनेच बंद केलं. दुकान बंद करून मालक घरी गेला आणि त्याच आठवड्यात रांग लागली, असा प्रकार. 1989 च्याच जुलैत स्टिलेही गेले, विमान अपघातात.

इथेच लोक 'बिचारा' म्हणतात. माझं म्हणणं वेगळं आहे. हेक यांचं मूळ काम अनुदानातून आलेलंच नाही. ते एका कंपनीत आलं, जिथे पॅलेडियमशी खेळायला कुणाला प्रस्ताव लिहून द्यावा लागला नाही, शेजारच्या खोलीत वाकर प्रक्रियेवर काम करणारा माणूस होता, आणि वरच्या साहेबाला कोबाल्टची यंत्रणा समजून घेण्यात रस होता. ती मोकळीक त्यांना मिळाली, चांगली दशकभर मिळाली. अनुदानाच्या पद्धतीने त्यांना काय नाकारलं याचा हिशेब मांडणाऱ्यांनी कंपनीने काय दिलं हेही मांडावं. आज आमच्यासारख्या कंपन्यांत ती मोकळीक उरलेली नाही, आणि मला खरी चिंता त्याची आहे, हेकची नाही.

आणखी एक. हेक विक्रेते नव्हते. आपल्या पद्धतीने अमुक अवघड रेणू बांधून दाखवावा, परिषदांतून गाजवावा, असं त्यांनी फारसं केलं नाही. पद्धत चालते का, का चालते, कुठे चालत नाही, हे छापलं आणि पुढे गेले. 1985 मध्ये पॅलेडियमवर एक पुस्तक लिहिलं, तेही याच स्वभावाचं. समित्यांना अशा माणसात उत्साह दिसत नाही. मला त्यात कमालीचा आत्मविश्वास दिसतो.

आणि परिणाम म्हणाल तर 1987 मध्ये विल्मिंग्टनमध्येच, ड्यूपाँटच्या एका गटाने डीएनएचा क्रम वाचण्यासाठी चमकणारे रंग न्यूक्लिओटाइडला, म्हणजे डीएनएच्या घटकाला, जोडले, ते अल्काइनच्या दुव्याने, पॅलेडियम आणि तांबं वापरून. हेक तेव्हा जवळच शिकवत होते.

निवृत्तीनंतर ते काही काळ फ्लोरिडात राहिले, मग पत्नीच्या देशात, फिलिपिन्समध्ये, क्वेझॉन सिटीत जाऊन स्थायिक झाले. ऑर्किडांचा नाद होताच. 2010 च्या ऑक्टोबरमध्ये नेगिशी आणि सुझुकी यांच्यासह नोबेल जाहीर झालं तेव्हा ते 79 वर्षांचे होते आणि दोन दशकं प्रयोगशाळेबाहेर. सोनोगाशिरा तेव्हा हयात होते, पण तिघांपेक्षा जास्त नावं घेता येत नाहीत. त्या निवडीवर वाद घालणारे आजही भेटतात. नेगिशी की सोनोगाशिरा यावर मी कुणाशीही तासभर भांडायला तयार आहे. हेकच्या नावावर मात्र भांडण होऊच शकत नाही. नेगिशी, सुझुकी, सोनोगाशिरा, सगळ्यांची तारीख 1968 नंतरची आहे. 2015 मध्ये मनिलात त्यांचं निधन झालं.

आमच्याकडे नवीन आलेल्या मुलाने परवा विचारलं, "मॅडम, हेकवर वाचायचं असेल तर कुठून सुरू करू?" त्याला परीक्षणलेख हवा होता, शंभरेक पानांचा, सगळ्या लिगँडांच्या, म्हणजे धातूला धरून राहणाऱ्या फॉस्फीनसारख्या रेणूंच्या, तक्त्यांसकट. मी त्याला ते सात पेपर दिले. पहिला आधी वाचू नकोस, तो यादीसारखा आहे. 5526 व्या पानापासून सुरू कर, अलिलिक अल्कोहोल, आणि हायड्रोजन कुठून गेला ते स्वतः काढून पाहा. मग पहिल्याकडे ये. प्रयोगाचा भाग वाच, पण करायला जाऊ नकोस. आमच्याकडे पाऱ्याच्या संयुगांना परवानगी नाही.